घरच्या ओव्हनमधले खिमा कबाब: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ओटीजी घरात आला की पहिले काही दिवस केक होतात, मग नानकटाई, आणि मग तो मिक्सरच्या मागे ढकलला जातो. पुण्यातल्या बऱ्याच स्वयंपाकघरांची हीच कथा. त्याच ओव्हनमध्ये खिम्याचे कबाब फार कमी खटाटोपात होतात. गॅलरीत सिगडी पेटवून वरच्या मजल्यावरच्या काकूंची बोलणी खायला नकोत, की तव्यापाशी उभं राहून एकेक कबाब उलटत बसायला नको. अर्धा किलो खिम्याचे बारा कबाब एकाच खेपेला जाळीवर बसतात आणि आपण तोवर चटणी वाटून घेऊ शकतो.

एक मात्र आधीच सांगते. तंदूरची भट्टी चारशे अंशांच्याही पुढे तापते, आपला ओटीजी जेमतेम अडीचशेपर्यंत. त्यामुळे कॅम्पात रस्त्याकडेला निखाऱ्यांवर भाजलेल्या सीखेची ती काळपट, करपट कड घरी हुबेहूब येणार नाही. मऊ, रसरशीत, वरून तांबूस झालेला कबाब मात्र नक्की येतो. आणि तो येणार की नाही, हे ओव्हन लावण्याआधीच परातीत ठरलेलं असतं. खिम्यात पाणी राहू द्यायचं नाही, चरबी कमी पडू द्यायची नाही आणि मीठ घालून नीट मळायचं, एवढं सांभाळलं की ओव्हनचं काम वीस मिनिटांचं. म्हणून या लेखात खिम्यावर जास्त बोलणार आहे आणि ओव्हनवर कमी.

खिमा आणताना

आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, आणि बोकडाचं मांस मुळात कोरडं. खिमा पावाला ते चालतं, कारण तिथे तेल आणि रस्सा असतो. कबाबाला बाहेरून काहीच मिळत नाही, त्यामुळे ओलावा आतूनच यायला हवा आणि तो चरबीतून येतो. साधारण चार भाग मांसाला एक भाग चरबी, हे प्रमाण धरा. अर्धा किलोत शंभर ग्रॅम. दुकानात सांगायचं ते असं: “दादा, मांडीचं आणि खांद्याचं मिळून चारशे ग्रॅम, गुर्द्याजवळची चरबी शंभर ग्रॅम, आणि मशीनमधून दोनदा काढा.” गुर्द्याभोवतीची चरबी घट्ट असते, लगेच वितळून वाहून जात नाही. पातळ पापुद्र्यासारखी चरबी आणि पांढऱ्या शिरा मात्र काढून टाकायला सांगा, त्या दाताखाली चिवट लागतात.

सत्तूरने ठोकलेला हातखिमा चवीला सरस, यात वाद नाही. पण तो जाडसर असतो आणि कबाब त्याने नीट बांधला जात नाही. इथे मशीनच हवं. आधीच्या गिऱ्हाइकाचं चिकन मशीनमधून गेलं असेल तर धुऊन घ्यायला सांगायला लाजू नका.

कॅम्पात शिवाजी मार्केटला मटणाचे गाळे एका ओळीत आहेत, तिथे पाहून निवडता येतं. पण खास तिकडेच जायला हवं असं नाही. पेठांमधला किंवा तुमच्या गल्लीतला नेहमीचा खाटीकही हेच करून देईल. फक्त रविवारी सकाळी जाऊ नका. रविवारी दारात रांग, सगळ्यांना रश्शाचे तुकडे हवेत, आणि त्या घाईत दोनदा मशीन फिरवायला कोणाला वेळ नसतो. आखाडात, गटारीच्या आधीच्या रविवारी तर नावच काढू नका. बुधवारी किंवा शुक्रवारी गेलात तर माणूस शांतपणे ऐकून घेतो.

खरेदीच्या फेरीत मटण सगळ्यात शेवटी घ्या आणि सरळ घर गाठा. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डिकीत तासभर राहिलेला खिमा मला चालत नाही. तुकड्यापेक्षा खिमा लवकर खराब होतो, कारण जे जंतू तुकड्याच्या फक्त पृष्ठभागावर असतात ते दळताना सगळीकडे पसरतात. घरी आल्यावर फ्रिजमध्ये, आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी करून टाका.

धुवायचा का?

यावर घराघरात वाद होतात. आई-सासू म्हणणार, मटण न धुता शिजवायचं म्हणजे काय! पण खिमा धुतला की तो पाणी धरून ठेवतो, चाळणीत कितीही निथळला तरी. तेच पाणी ओव्हनमध्ये सुटतं, आणि मग कबाब भाजला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतो. रंग येत नाही आणि मधोमध भेगा पडतात. जंतूंचं म्हणाल तर ते धुण्याने जात नाहीत, पुरेशा आचेने मरतात. उलट नळाखाली शिंतोडे उडून सिंक आणि शेजारची भांडी खराब होतात.

मधला मार्ग असा: मटण दुकानातच आधी अख्खं धुऊन, कापडाने टिपून, मग दळायला सांगायचं. बहुतेक जण करून देतात. ते जमलं नाही आणि घरी धुणं भागच असेल, तर धुतलेला खिमा स्वच्छ सुती कापडात बांधून, वर पाट्याचा वरवंटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून, फ्रिजमध्ये तासभर दाबून ठेवा. कापड किती ओलं होतं ते पाहिलंत की मी एवढा हट्ट का धरते ते कळेल.

साहित्य

अर्धा किलो खिम्यासाठी (साधारण बारा कबाब):

- मीठ, एक सपाट चमचा आणि वर थोडं, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम
- मोठा कांदा १
- आलं-लसणाची वाटण, १ मोठा चमचा, पाणी न घालता वाटलेली
- हिरव्या मिरच्या ३-४, बारीक चिरून
- कोथिंबीर मूठभर, पुदिना त्याच्या निम्मा, दोन्ही धुऊन पूर्ण कोरडे करून
- लाल तिखट १ चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड १ चमचा, गरम मसाला १ चमचा
- मिरपूड अर्धा चमचा
- डाळं, म्हणजे चिवड्यात घालतो ते, मिक्सरमधून बारीक करून २ मोठे चमचे
- वरून लावायला तेल किंवा तूप

अंडं लागत नाही. अंड्याने बांधणी होते खरी, पण मिश्रण सैल होतं आणि मग ते आवरायला आणखी डाळं घालावं लागतं. शेवटी कबाबाऐवजी कटलेट हातात येतं. ब्रेडचा चुरा घातला तरी तेच.

मसाल्याबद्दल दोन शब्द. गोडा मसाला इथे नको; त्यातलं खोबरं, तीळ आणि दगडफूल कबाबाला आमटीकडे नेतात. कांदा-लसूण मसाला घालायला हरकत नाही, मला तर तो आवडतोच, पण त्यात मीठ आधीच असतं. तेव्हा वरचं मीठ थोडं हात राखून, आणि लाल तिखट वगळून. कच्च्या पपईचा गर पुष्कळ जण सुचवतात. पपईतलं पपेन मांस मऊ करतं हे खरं, पण ते अख्ख्या तुकड्यांसाठी. मशीनमधून दोनदा गेलेल्या खिम्याला ते लावून रात्रभर ठेवलं तर सकाळी पिठलं मिळेल.

कांद्याचं पाणी

सगळ्यात जास्त कबाब कांद्यामुळे फसतात. कांदा बारीक किसा, त्याला चिमूटभर मीठ चोळा, दहा मिनिटं ठेवा आणि मग मुठीत घेऊन पिळा. नुसतं दाबायचं नाही, पिळायचं. एका मोठ्या कांद्यातून अर्धी वाटी पाणी निघू शकतं आणि हातात राहतो तो लिंबाएवढा कोरडा गोळा. तेवढाच खिम्यात जातो. पाणी फेकू नका, रात्रीच्या रश्शात घाला.

डोळ्यांना पाणी नको असेल तर बिर्याणीवर घालतात तो तळलेला कांदा विकत मिळतो. एक मूठ हाताने चुरून घाला. गोडसर चव येते आणि पाण्याचा प्रश्नच मिटतो. घाईच्या दिवशी मी सरळ हेच करते.

मळणं

खिमा फ्रिजमधून थंडगार असतानाच परातीत घ्या. आधी फक्त मीठ घाला आणि मळायला लागा. ज्वारीच्या भाकरीचं पीठ मळतो तसं, तळहाताच्या टाचेने पुढे रेटायचं, गोळा करायचं, पुन्हा रेटायचं. सुरुवातीला खिमा दाणेदार असतो, बोटांमधून सुटा सुटा पडतो. तीन-चार मिनिटांनी तो हाताला चिकटायला लागतो, परातीवर पांढुरका थर दिसतो, आणि गोळा उचलला तर त्याला तार सुटल्यासारखी वाटते. मिठामुळे मांसातली प्रथिनं विरघळून बाहेर येतात आणि तीच पुढे आचेवर घट्ट होऊन कबाब बांधून ठेवतात. ज्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात ते खरं हे. डाळं फक्त उरलासुरला ओलावा शोषायला.

हा चिकटपणा आला की मग बाकी सगळं: पिळलेला कांदा, वाटण, मिरच्या, कोथिंबीर, मसाले, डाळं. आता फार मळायचं नाही, सारखं मिसळलं की बस. हातांच्या उष्णतेने चरबी पातळ होते आणि मिश्रण तेलकट दिसायला लागतं. तसं झालं तर परात दहा मिनिटं फ्रिजमध्ये.

चव कच्ची बघायची नाही. सुपारीएवढी टिकली तव्यावर भाजून खाऊन बघा. मीठ-तिखट वाढवायचं तर आत्ताच वाढवता येतं. ती टिकली तव्यावर फुटली तर मळणं कमी पडलं, भोवती पाण्याचं तळं झालं तर आणखी एक चमचा डाळं. या दोन मिनिटांच्या चाचणीत बारा कबाबांचं भविष्य कळतं, ती चुकवू नका.

मग झाकून फ्रिजमध्ये, कमीत कमी अर्धा तास. आदल्या रात्री करून ठेवलंत तरी चालतं.

आकार

पहिल्या वेळी सळया विसरा. हाताला तेलाचा हात लावून साधारण पन्नास ग्रॅमचा गोळा घ्या, बोटाएवढा लांब आणि दोन बोटं जाड वळा, भेगा अंगठ्याने बुजवा. सगळे एकसारख्या जाडीचे हवेत, नाहीतर बारीक वाळतात आणि जाड कच्चे राहतात. इतकंच.

सळईची हौस असेल तर चपटी घ्या, तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानांमध्ये विचारा. गोल सळईवर कबाब भिंगरतो, सळई फिरते आणि मांस जागेवर राहतं. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवून. पण विकत घेण्याआधी ओव्हनची आतली रुंदी टेपने मोजा. लहान ओटीजीत लांब सळई तिरकीसुद्धा बसत नाही.

ओव्हन

आधी प्लगचं बघू, कारण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं इथेच अडतं. बहुतेक ओटीजी १२०० ते २००० वॅटचे असतात. १५०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि मोबाइल चार्जर लावतो ते लहान सॉकेट असतं सहा अँपिअरचं. तेव्हा मोठ्या तीन पिनांचा १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. स्वयंपाकघरात असा एकच पॉइंट असेल तर तेवढ्या वेळापुरता मायक्रोवेव्ह काढून ठेवा. बिलाची काळजी करू नका. तापवण्यासकट चाळीस मिनिटं धरली तरी १५०० वॅटच्या ओव्हनला एक युनिट लागतं, थर्मोस्टॅट मधूनमधून बंद होत असल्याने खरं तर त्याहूनही कमी.

दोन्ही कॉइल चालू ठेवून २२० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. ट्रेला फॉइल लावा, त्यावर जाळी, जाळीला तेलाचा बोळा फिरवून तिच्यावर कबाब, मध्ये बोटभर जागा सोडून. सरळ ट्रेवर ठेवले तर कबाब स्वतःच्या चरबीत बसतात आणि खालून भिजट राहतात. फॉइल फक्त ट्रेलाच, खालच्या कॉइलवर किंवा चुऱ्याच्या ट्रेवर कधीही नाही.

जाळीखाली ट्रेमध्ये अर्धवट उकडलेल्या बटाट्याच्या जाड चकत्या मांडून ठेवा. वरून ठिबकणारी चरबी तापलेल्या पत्र्यावर पडली की धूर होतो. ती बटाट्यांवर पडली तर धूर कमी आणि बटाटे असे होतात की ताटात आधी तेच संपतात.

ट्रे मधल्या खाचेत ठेवा. दहा मिनिटांनी चिमट्याने कबाब उलटा, वरून तूप किंवा तेल लावा, आणखी सात-आठ मिनिटं. मग ट्रे एक खाच वर सरकवून फक्त वरची कॉइल, तीन-चार मिनिटं. या शेवटच्या टप्प्यात रंग येतो आणि तिथून हलायचं नाही. तांबूस ते काळा हा प्रवास एका मिनिटाचा असतो.

झाले की नाही हे रंगावरून ठरवू नका. मसाल्यांमुळे कच्चा कबाब तांबडा दिसतो आणि शिजलेलाही कधी आतून गुलाबी राहतो. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्याच. सगळ्यात जाड कबाबाच्या मधोमध मटणासाठी ७१ अंश, चिकनसाठी ७४. थर्मामीटर नसेल तर जाड कबाब मधोमध मोडून बघा: आत कच्चट, लिबलिबीत काही नको आणि रस लालसर नको. शंका असेल तर आणखी तीन मिनिटं.

पहिल्यांदा वेळ कमी-जास्त होईल. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत वीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणून माझ्या मिनिटांवर डोळे झाकून विसंबू नका. मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड वापरत असाल तर उंच जाळीवर ठेवा आणि दोन-तीन मिनिटं जास्त द्या. त्या मशीनमध्ये धातूच्या सळया आणि फॉइल वापरण्याआधी माहितीपुस्तिका उघडून बघा.

काढल्यावर पाच मिनिटं तसेच राहू द्या. पण फार वेळ नाही. बोकडाची चरबी थंड होताच थिजते आणि टाळूला चिकटते. मटणाचे कबाब गरमच खायचे, पाहुणे वाट पाहतील, कबाबांनी त्यांची वाट बघायची नाही.

चिकन घेतलं तर

छातीचं मांस नको, लेगचं बोनलेस दळून घ्या. चिकनचा खिमा मुळात चिकट आणि ओला असतो, त्यामुळे मळणं दोन मिनिटं पुरे, डाळं एक चमचा जास्त आणि अमूल बटरचा एक चमचा किसून. मिरपूड आणि कसुरी मेथी याला छान लागते. वेळ दोन-तीन मिनिटं कमी, पण ७४ अंशांवर तडजोड नाही. कॅम्प-कोंढव्याकडे म्हशीचा खिमा घेणाऱ्यांनी मटणाचीच कृती वापरावी, चरबी मात्र मागून घ्यावी.

धुराचा वास हवा असेल

निखाऱ्याची उणीव धुंगारने थोडी भरून निघते. लाकडी कोळशाचा एक तुकडा लागतो आणि त्यासाठी पोतं आणायची गरज नाही; कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे अजून कोळशाची इस्त्री असेल तर एक तुकडा तो हसत देईल. दगडी कोळसा मात्र नको. तुकडा गॅसवर लाल होईपर्यंत तापवा. भाजलेले कबाब पातेल्यात, मध्ये स्टीलची छोटी वाटी, वाटीत निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, आणि लगेच घट्ट झाकण. तीन मिनिटं पुरतात. त्याहून जास्त ठेवलंत तर कडवट लागतं. खिडकी उघडी असू द्या, आणि निखारा कचऱ्यात टाकण्याआधी पाण्यात विझवा.

ताटात

पुदिना, कोथिंबीर, मिरची आणि दोन चमचे चक्का एकत्र वाटून चटणी. साधं दही घातलं तर ती पळीवाढी होते आणि कबाबावर थांबत नाही. बरोबर कांद्याच्या चकत्या, लिंबू, आणि बेकरीतला ताजा लादी पाव. मला स्वतःला गरम ज्वारीची भाकरी आवडते. दिल्लीवाल्यांनी नाकं मुरडली तर मुरडोत.

ओव्हनला मटणाचा वास राहतो आणि पुढच्या केकला तो चालत नाही. गरम असतानाच वाटीभर पाण्यात लिंबाच्या साली टाकून दहा मिनिटं दीडशे अंशांवर ठेवा, मग गार झाल्यावर आतून पुसून घ्या. ज्या घरात मटणाची भांडी वेगळी असतात तिथे जाळी आणि ट्रेही वेगळेच ठेवा, म्हणजे वादच नको.

जास्तीचे कबाब कच्चेच वळून, ताटात सुटे ठेवून फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग पिशवीत भरा. दोन महिने चांगले राहतात. लागतील तेव्हा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायचे, बाहेर ओट्यावर नाही. भाजलेले उरले तर फ्रिजमध्ये तीन दिवस. डब्यासाठी ते उभे चिरून, थोडा कांदा आणि टोमॅटो घालून तव्यावर वाफेपर्यंत परतायचे आणि पोळीत गुंडाळायचे. नुसते मायक्रोवेव्हमध्ये गरम केले तर रबर होतात.